मूल सारखं आजारी पडतंय? प्रतिकारशक्तीच्या तपासणीची वाट, कोकणातल्या पालकांसाठी

सर्दी-खोकला सगळ्याच मुलांना होतो. अंगणवाडीत जाणारं मूल वर्षातून सहा-आठ वेळा सर्दीने बेजार झालं तरी डॉक्टर त्याची काळजी करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. हा लेख दुसऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे. न्यूमोनिया बरा होतो न होतो तोच कान वाहायला लागतो, कान थांबला की जुलाब सुरू होतात, आणि मूल काही केल्या वजन धरत नाही, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी.

माझ्या मुलाला एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया आहे. नाव मोठं आहे, पण अर्थ एवढाच की त्याच्या रक्तात बी पेशी नाहीत, त्यामुळे अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना निकामी करणारी प्रथिनं, तयार होत नाहीत. आज तो शाळेत जातो, क्रिकेट खेळतो आणि दर महिन्याला एक दिवस सलाईन लावून पडून राहतो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून परळपर्यंत जाताना जे कळलं ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपल्याकडे निदानाला उशीर होतो, कारण मुलाचं प्रत्येक आजारपण वेगवेगळ्या डॉक्टरांपुढे जातं. एकदा राजापूर, एकदा रत्नागिरी, सुट्टीत मामाकडे असताना कणकवली, मे महिन्यात मुंबई. प्रत्येक डॉक्टर समोरचा ताप बघतो आणि तो बरा करतो. सगळी आजारपणं एका ओळीत मांडून दाखवू शकेल असं माणूस एकच आहे, ते म्हणजे तुम्ही.

१. आधी आजार समजून घ्या

शरीराचं एक संरक्षण जन्मापासून तयार असतं. त्वचा, श्लेष्मा, जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी यांचं. दुसरं संरक्षण जंतू ओळखायला शिकतं आणि पुढच्या खेपेसाठी लक्षात ठेवतं. ते काम बी आणि टी पेशींचं. बी पेशींपासून अँटिबॉडी बनतात, टी पेशी विषाणू-बुरशीशी लढतात आणि बी पेशींनाही मदत करतात. लस उपयोगी पडते ती या दुसऱ्या संरक्षणामुळेच.

हे संरक्षण जन्मतः, जनुकातल्या दोषामुळे कमी पडू शकतं. असे जन्मजात प्रतिकारदोष आज चारशेहून अधिक प्रकारचे माहीत आहेत. त्यातले काही असे:

- आयजीए या प्रकारची अँटिबॉडी कमी असणं. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. बहुतेकांना काही त्रासही होत नाही.
- माझ्या मुलाचा आजार. ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी डॉक्टरांनी तो १९५२ मध्ये वर्णन केला. आजारी पडतात ते जवळजवळ फक्त मुलगे. आईकडून आलेल्या अँटिबॉडी पहिले काही महिने पुरतात, म्हणून त्रास सहसा सहा महिन्यांनंतर सुरू होतो.
- सीव्हीआयडी (कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी). यातही अँटिबॉडी कमी पडतात. हा किशोरवयात किंवा मोठेपणीही उघड होतो. पंचविशीतल्या माणसाला वारंवार न्यूमोनिया होत असेल तर त्याचाही विचार व्हायला हवा.
- विस्कॉट-ऑल्ड्रिच. इसब, कमी प्लेटलेट आणि सारखे संसर्ग असं त्रिकूट.
- स्किड, म्हणजे टी आणि बी दोन्ही बाजू निकामी. हा सर्वांत गंभीर. जन्मानंतर काही महिन्यांतच थांबत नसलेले जुलाब, तोंडातला पांढरा थर, न वाढणारं वजन दिसू लागतं. यात दिवस मोजून हालचाल करावी लागते, कारण बोनमॅरो ट्रान्सप्लांट जितका लवकर, साडेतीन महिन्यांच्या आत आणि संसर्ग होण्यापूर्वी, तितकं बाळ वाचण्याची शक्यता जास्त.

दोष जन्मानंतर आलेलाही असू शकतो. त्याबद्दल सहाव्या पायरीत.

२. या खुणा दिसल्या तर थांबू नका

जगभरचे डॉक्टर या खुणा वापरतात. दोन किंवा जास्त जुळल्या तर बालरोगतज्ज्ञांना थेट विचारा, "डॉक्टर, याची इम्युनिटीची तपासणी करायची का?"

- वर्षात चार किंवा जास्त वेळा कानाचा नवा संसर्ग
- वर्षात दोनदा न्यूमोनिया, किंवा दोनदा सायनसचा गंभीर संसर्ग
- दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक नाही
- शिरेतून अँटिबायोटिक दिल्याशिवाय संसर्ग हटत नाही
- त्वचेत खोलवर किंवा यकृतासारख्या अवयवात पुन्हा पुन्हा गळू
- तोंडात किंवा त्वचेवर न हटणारी बुरशी
- सेप्सिस (रक्तात पसरलेला संसर्ग) किंवा मेंदूज्वरासारखे खोल संसर्ग, दोन किंवा जास्त वेळा
- वजन-उंची वाढत नाही
- कुटुंबात असा आजार, किंवा लहानपणीच गेलेली मुलं

यात मी एक जोडेन: बीसीजीच्या जागी मोठं गळू होणं, किंवा त्या बाजूच्या काखेतली गाठ वाढत जाणं. हे दाखवायला उशीर करू नका.

आणि डॉक्टरांना मुलाचा घसा नीट बघायला सांगा. आमच्या मुलाच्या तोंडात टॉर्च मारून एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याचे टॉन्सिल काढलेत का?" काढलेले नव्हते. ते जवळजवळ नव्हतेच, कारण टॉन्सिल मुख्यतः बी पेशींनी भरलेले असतात. घसा लाल आहे का हे आधी सगळ्यांनी पाहिलं होतं. घशात काय नाही हे त्यांनी पाहिलं.

३. फाइल तयार करा

एक जाड प्लास्टिकची फाइल आणि एक शंभर पानी वही घ्या. वहीत तारखेनुसार लिहा: मुलाचं वय, काय झालं, कुठे दाखवलं, ॲडमिट केलं का, कोणतं अँटिबायोटिक किती दिवस, वजन किती. तारीख आठवत नसेल तर "गणपतीच्या आधी", "शिमग्यानंतर" असं लिहिलं तरी चालेल. वरच्या डॉक्टरांना या दोन पानांचा जो उपयोग होतो तो जाडजूड गठ्ठ्याचा होत नाही.

फाइलमध्ये हे ठेवा:

- सगळी डिस्चार्ज कार्डं
- रक्ताचे सगळे रिपोर्ट, जुने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सुद्धा
- छातीच्या एक्स-रेच्या फिल्म, नुसता रिपोर्ट नको
- लसीकरणाचं कार्ड
- मुलाचा जन्मदाखला आणि आधार
- आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकची प्रत
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला

उत्पन्नाचा दाखला सेतूत अर्ज करून आधीच काढून ठेवा. गरज पडते तेव्हा तुम्ही मुंबईत असता आणि तो काढायला कुणाला तरी गावी पळावं लागतं.

आपल्या हवेत कागदाला बुरशी धरते आणि लॅबच्या मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत पावत्यांची शाई वर्षभरात उडते. प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

४. आजोळी विचारा

ही पायरी बिनखर्चाची आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. मुलाच्या आईच्या माहेरी जाऊन वडीलधाऱ्या बाईशी निवांत बोला. आईच्या भावांपैकी, मावशीच्या मुलांपैकी कुणी मुलगा दोन-चार वर्षांचा असताना गेला का? कशाने गेला? आमच्या आजीने सांगितलं, "त्या घरात मुलगे लाभत नाहीत." गावात त्याची कारणं वेगळी सांगितली जातात. बाहेरचं काहीतरी, देणं राहिलं, कौल चुकला. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं आम्हीही घातलं आणि आजही घालतो. पण मुलगेच जातात आणि मुली वाचतात हे ऐकून डॉक्टरांना आजार एक्स गुणसूत्रातून येत असल्याची शंका आली, आणि तपासणीला दिशा मिळाली.

आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, मामेबहिणीशी लग्न असेल, तर तेही सांगा. काही प्रकारांत दोघांकडून एकेक सदोष जनुक यावा लागतो आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते.

घरातल्या सगळ्यांसमोर एक गोष्ट स्पष्ट बोला: जनुक आईकडून आला म्हणून दोष आईचा होत नाही. कित्येकदा तो मुलातच नव्याने बदललेला असतो. या एका मुद्द्यावरून सुना छळल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

५. दोन तपासण्या तालुक्याच्या गावीच करा

पहिली सीबीसी. ती कुठल्याही लॅबमध्ये होते. तिच्यातला एक आकडा बऱ्याचदा छापलेला नसतो, तो आपण काढायचा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटची टक्केवारी भागिले शंभर. समजा पांढऱ्या पेशी ६,२०० आणि लिम्फोसाइट २२ टक्के, तर ६,२०० × २२ ÷ १०० = १,३६४. मोठ्या माणसात हा आकडा चालून जाईल. पण काही महिन्यांच्या बाळात तो ३,००० च्या खाली असेल तर स्किडची शंका घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठा. "पांढऱ्या पेशी नॉर्मल" एवढ्यावर समाधान मानू नका.

दुसरी, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडींची मोजणी: आयजीजी, आयजीए, आयजीएम हे त्यांचे प्रकार. तालुक्याच्या लॅबवाले रक्त घेतात आणि मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवतात. काही दिवसांत रिपोर्ट येतो.

इथे तीन ठिकाणी फसायला होतं.

रिपोर्टवर छापलेली नॉर्मल मर्यादा पुष्कळदा मोठ्या माणसांची असते. लहान मुलांत वयाप्रमाणे ती बदलते, म्हणून अर्थ बालरोगतज्ज्ञांनीच लावायचा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आयजीजी बरी दिसली तरी ती आईची असू शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: मूल अत्यवस्थ असताना आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या तयार अँटिबॉडी) किंवा रक्त द्यायचं ठरलं, तर आधी तपासणीचं रक्त काढून ठेवायला सांगा. एकदा दुसऱ्याच्या अँटिबॉडी किंवा पेशी अंगात गेल्या की मुलाच्या स्वतःच्या किती हे कळायला महिने लागतात. स्किडची शंका असेल तर रक्त विकिरण (रेडिएशन) केलेलंच लागतं. साधं रक्त जिवावर बेतू शकतं.

६. नंतर आलेली कारणंही तपासा

प्रतिकारशक्ती नंतरही खचू शकते. कुपोषण, एचआयव्ही, नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार (लघवीतून अँटिबॉडी वाहून जातात), कॅन्सरची औषधं, रिटुक्सिमॅबसारखी बी पेशी मारणारी इंजेक्शनं, दीर्घकाळ चाललेलं स्टेरॉइड. गोवर येऊन गेल्यावरही काही काळ मूल जास्त आजारी पडतं, कारण शरीराने आधी शिकलेलं बरंच पुसलं जातं.

स्टेरॉइडबद्दल एक विनंती. दम्यावर किंवा सांधेदुखीवर कुणी बिननावाच्या पुड्या देत असेल आणि दोन दिवसांत जादूसारखा गुण येत असेल, तर त्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं. ती पुडी डॉक्टरांना दाखवा आणि स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका.

एचआयव्हीची चाचणी सांगितली तर अपमान वाटून घेऊ नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने तुमची संमती घेणं आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. दीड वर्षाच्या आतल्या बाळात साध्या चाचणीत आईच्या अँटिबॉडी दिसू शकतात, म्हणून त्यांना पीसीआर लागते. निदान झालंच तर एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरची, औषधंही सरकारकडून मोफत मिळतात.

७. परळ गाठा

जन्मजात दोषाची पक्की तपासणी, म्हणजे फ्लो सायटोमेट्री (बी, टी अशा पेशी मशीनवर वेगवेगळ्या मोजणं) आणि जनुकांची चाचणी, मोठ्या केंद्रातच होते. आपल्याला जवळचं ठिकाण मुंबईत परळला आहे. आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय, त्याच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी, आणि जवळच बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय, जिथे इम्युनॉलॉजीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या आजारांचा, विभाग आहे. कोकणातल्या माणसाला हा भाग परका नाही. लालबाग-परळच्या चाळीत कुणी ना कुणी चाकरमानी निघतोच. रात्री तुतारी एक्स्प्रेसला बसलात तर सकाळी दादरला उतरता.

जाताना बालरोगतज्ज्ञांचं पत्र घ्या आणि ओपीडीचा वार फोन करून विचारून निघा. मुलाला बरोबर न्या. नुसती रक्ताची बाटली पाठवायचा विचार करू नका. फ्लो सायटोमेट्रीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत, साध्या तापमानात, एक-दोन दिवसांत मशीनवर जावं लागतं. फ्रिजमध्ये ठेवलं की बिघडतं. आईवडिलांचंही रक्त लागू शकतं, म्हणून दोघांनी जावं.

जनुकाचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. उपचार त्याच्यासाठी थांबत नाहीत.

८. पैशांची सोय

कुठलाही मोठा खर्च करण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. त्यांना विचारायचं ते असं:

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का? या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतील. ॲडमिट होण्याआधी विचारा.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुलाचं नाव नोंदवता येईल का? धोरणात ठरवलेल्या केंद्रांत उपचार घेतल्यास ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. केईएम हे त्यातलं एक केंद्र. ट्रान्सप्लांटने बऱ्या होणाऱ्या आजारांच्या यादीत स्किड आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच दोन्ही आहेत.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. ते मूळ प्रतीत, सही-शिक्क्यासह घ्या.

धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला इथे कामी येतो.

गावातलं शिबिर किंवा शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही विसरू नका. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते तपासतात आणि जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात.

९. आयव्हीआयजी सुरू झाल्यावर

आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी. अँटिबॉडी कमी असलेल्या मुलांना त्या दर तीन-चार आठवड्यांनी, वजनाच्या दर किलोला साधारण ०.४ ते ०.६ ग्रॅम द्याव्या लागतात. पंधरा किलोच्या मुलाला म्हणजे सहा ते नऊ ग्रॅम. वजन वाढलं की डोस वाढतो, म्हणून दर खेपेला वजन करा. अंगातल्या निम्म्या अँटिबॉडी तीन आठवड्यांतच संपतात. मूल छान खेळतंय म्हणून एक महिना सोडून देणाऱ्या घरी पुन्हा न्यूमोनिया येतो.

पहिले काही डोस मुंबईत झाले की तिथल्या डॉक्टरांकडून पत्र घेऊन ते रत्नागिरी, चिपळूण, कणकवली अशा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे देता येतात.

सलाईन सुरुवातीला अगदी सावकाश सोडतात, मग वेग वाढवतात. आदल्या दिवसापासून मुलाला पाणी भरपूर पाजा. थंडी वाजली, अंगावर पित्त उठलं, छाती भरून आली तर सिस्टरना लगेच हाक मारा. वेग कमी केला की बहुतेक वेळा थांबतं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखू शकतं.

प्रत्येक बाटलीवर एक स्टिकर असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. ते सोलून वहीत चिकटवा आणि पुढे तारीख लिहा. पुढे कधी रिॲक्शन आली तर कुठल्या बॅचची ते सांगता येतं. कंपनी शक्यतो बदलू नका. बाटली जोरात हलवू नका, बर्फाला थेट टेकवू नका. २ ते ८ अंशांत ठेवायची असेल तर औषधवाल्याकडून दिवसापुरतीच आणा आणि थर्मासच्या डब्यात न्या.

च्यवनप्राश, काढे, टॉनिक यांनी ही उणीव भरून निघत नाही. बी पेशीच नाहीत तिथे अँटिबॉडी बनवणार कोण?

१०. लसींची चिठ्ठी

बीसीजी, तोंडावाटेची पोलिओ, रोटा, गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत लसी आहेत, म्हणजे त्यांत कमजोर केलेले पण जिवंत जंतू असतात. टी किंवा बी पेशींचा गंभीर दोष असलेल्या मुलाला यातली कोणती द्यायची नाही हे इम्युनॉलॉजिस्टकडून लिहून घ्या. निष्क्रिय लसी धोक्याच्या नसतात.

पल्स पोलिओच्या वेळी आशाताई आणि अंगणवाडी सेविका दारात येतात. त्यांना चिठ्ठी आधीच दाखवा. घरातल्या भावंडांनाही तोंडावाटेची पोलिओ लस नको, इंजेक्शनची द्या, कारण तोंडावाटे दिलेला विषाणू शौचातून बाहेर पडतो आणि आजारी मुलापर्यंत पोचतो. बाकी सगळ्या लसी घरातल्या प्रत्येकाने वेळेवर घ्यायच्या. हे वाचून आपल्या निरोगी बाळाची लस मात्र कुणी थांबवू नका.

११. पावसाळा आणि ताप

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. म्हणून औषधाचा साठा घरच्या फ्रिजमध्ये करू नका आणि जून ते सप्टेंबरच्या डोसच्या तारखा दोन-तीन दिवस अलीकडे धरा. कोकण रेल्वे बंद पडली किंवा घाटात दरड आली तर जवळचं कुठलं रुग्णालय, हे आधीच ठरवा. सिंधुदुर्गातल्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं.

विहिरीचं पाणी बारा महिने उकळून. अँटिबॉडी कमी असलेल्या मुलांना जिआर्डिया या पाण्यातून येणाऱ्या परजीवीचे जुलाब लवकर लागतात. बाळगुटी उगाळायलाही उकळलेलंच पाणी. लावणीच्या चिखलात, गोठ्यात पायाला जखम असताना पाठवू नका, लेप्टोचा धोका असतो. कालवं, तिसऱ्या पूर्ण शिजवूनच द्या.

ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला की "उद्या बघू" नाही. त्याच रात्री दाखवा. फाइलच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, घेत असलेली औषधं, शेवटच्या डोसची तारीख आणि इम्युनॉलॉजिस्टचा फोन असलेलं पत्र ठेवा. रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला ते हातात दिलं की समजावण्यात वेळ जात नाही.

१२. पुढचं बाळ

जनुकातला बदल सापडला असेल तर पुढच्या गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. एक्सवरच्या आजारात आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. तिच्या बहिणींनीही स्वतःची तपासणी करून घ्यावी, शक्यतो दिवस राहण्याआधी.

गर्भाची तपासणी नको असेल तर निदान जन्मल्याबरोबर नाळेच्या रक्तातून पेशी मोजायला सांगा, आणि रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी व तोंडावाटेची पोलिओ थांबवा. या दोन्ही लसी आपल्याकडे जन्मतःच देतात, बऱ्याचदा आई अजून खाटेवर असताना. बाळंतपण माहेरी होणार असेल तर इम्युनॉलॉजिस्टच्या पत्राची एक प्रत तिथल्या डॉक्टरांना आणि एक आशाताईला सातव्या महिन्यातच नेऊन द्या.